भातकापणीच्या दिवसांत तंबूची जागा

पाऊस सरला की तंबू आठवतो. शहापुरात तानसा तलावाचा काठ नकाशावर फार मोहक दिसतो. पण तो अभयारण्यात येतो, आणि पाणी मुंबईच्या पिण्याचं. तिथे न विचारता रात्र काढणं आम्हाला पटत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही तिघं मुरबाडला गेलो आणि म्हसामार्गे देहरीची एसटी धरली.

देहरी गोरखगडाच्या पायथ्याला. शेजारी मच्छिंद्रगडाचा सुळका, पलीकडे सिद्धगड. त्याच सिद्धगडाच्या रानात आसरा घेतलेल्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गाठून मारलं. आता तो गड भीमाशंकर अभयारण्यात आहे, तेव्हा तिथला मुक्कामही आमच्या यादीत नव्हता. गोरखगडावर गुहा आहे, टाक्यांत पाणी आहे. आम्हाला मात्र उघड्यावर झोपायचं होतं.

गावाबाहेर ओढ्याच्या पात्रात सपाट वाळू दिसली. पाणी घोटाभर, हाताशी. बैल घेऊन निघालेले एक काका थांबले. "नदीत नको, दादा. वर पाऊस झाला तर खाली कळत पण नाही." आभाळ तेव्हा निरभ्र होतं. पण परतीचा पाऊस इथे दुपार कलल्यावर घाटमाथ्याकडून उठतो, हे आम्हालाही ठाऊक होतं. त्याच पावसात विजा असतात, म्हणून उघडी सोंड आणि तिच्यावरचं एकुलतं झाड दोन्ही सोडलं.

माळावर गवत कमरेइतकं, वरून पिवळं पडलेलं. अशा गवतात स्टोव्ह पेटवला तर एका ठिणगीत वणवा लागेल, आणि ते गवत कुणाच्या तरी गुरांचा वर्षाचा चारा असतो. शिवाय गोचिडी.

राहिली खाचरं. हळवं भात कापून झालं होतं, गरवं अजून उभं होतं. कापलेलं खाचर लांबून अंगणासारखं दिसतं; जवळ गेल्यावर धसकटं दिसतात, ती तंबूच्या बुडाला भोकं पाडतात. बांधाला उंदरांची आणि खेकड्यांची बिळं. भाताच्या मागे उंदीर येतात, उंदरांच्या मागे घोणस आणि नाग. या दिवसांत बांधाला टेकून झोपू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. रिकामं दिसणारं ते शेत खरं तर भरलेलं असतं: वाळत घातलेले भारे, त्यांवर टपलेली रानडुकरं, राखणीला बसलेली माणसं.

शेवटी त्या काकांनाच विचारलं. त्यांच्या खळ्याच्या वरच्या अंगाला वरकस जमिनीची एक पट्टी मोकळी होती: मुरमाड, जराशी उताराची, गवत खुरटलेलं. तिथे तंबू लावा म्हणाले. अट एवढीच, की सारवलेल्या खळ्यात चप्पल घालून यायचं नाही आणि शेकोटी पेंढ्यापासून लांब, त्यांनी दाखवलेल्या दगडांतच करायची. ते स्वतः रात्रभर माळ्यावर राखणीला होते. डुकरांना हाकायला मारलेली त्यांची आरोळी दोनदा ऐकू आली, आणि ती ऐकून झोप अधिक गाढ लागली.

उंचवट्याचा फायदा पहाटे कळला. खालच्या खाचरात दव इतकं साचलं होतं की पेंढे पिळता आले असते. आमच्या तंबूचं वरचं कापड ओलं होतं, आत मात्र कोरडं. मुरूम असल्यामुळे जमिनीचा ओलावाही वर आला नव्हता.

सकाळी काकूंनी कोरा चहा दिला. आम्ही भारे खळ्यात आणून टाकायला लागलो, तेव्हा काका म्हणाले, "पुढच्या वेळी दिवाळीनंतर या. गरवं निघालं की गुरं मोकळी सुटतात, मग खालचं पण सगळं मोकळं." येताना चटई आणा, असं काकूंनी सांगितलं; त्यांच्याकडे जास्तीची नव्हती.