नाशिकच्या नोटा आणि नाशिकचें ऊन

नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयांत १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तें बाहेरूनच पाहून आम्ही गोदाकांठीं सुंदरनारायणाच्या देवळांत आलों. १७५६ सालच्या या देवळाची बांधणीच अशी आहे कीं, २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर पडतात. शहरांतील नव्या गच्च्यांवर आतां सोलरचीं पॅनेलें तेच किरण झेलीत आहेत.

छापानें कागदास मोल येतें, मग उन्हास कां येऊं नये? २०१४ सालीं ‘सोलरकॉइन’ नांवाचें संगणकीय नाणें निघालें: १,००० युनिट सौर वीज निर्माण करणारास १ नाणें. त्याचा हिशेब ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळीं असणाऱ्या खातेवहींत. तींतील मागली नोंद कोणा एकास गुपचूप खोडतां येत नाहीं. परंतु वही चोख असली म्हणून नाण्यास बाजारांत मोल येतेंच असें नाहीं. नोटेमागें रिझर्व्ह बँकेचें वचन असतें. या नाण्यामागें घेणाराचा विश्वास तेवढा.

महाराष्ट्रांत २०१५ च्या नेट मीटरिंगच्या नियमांनीं साधा मार्ग धरिला. गच्चीवरून तारेंत गेलेली वीज घरच्या बिलांतून वजा होते, युनिटास युनिट! आम्हांस हेंच बक्षीस भरंवशाचें वाटतें.

पण जुन्या वाड्यांतील भाडेकरूस गच्ची कोठली? त्याच्यासाठीं मात्र ती वही कामाची आहे. एका इमारतीवरील सौर वीज दुसरीस विकण्याचा ब्लॉकचेनवरील प्रयोग २०२० सालीं लखनौस सुरू झाला. सूर्य मालकावर व भाडेकरूवर सारखाच तापतो. त्याचें फळही दोघांस मिळावें, हें नाशिककरांनीं मनावर घ्यावें.