मैदानात पाणी, शिबिर सभामंडपात

उन्हाळी शिबिर म्हटले की कडक ऊन, आंब्याची फोड आणि मोकळे मैदान डोळ्यांपुढे येते. २०२५ च्या मे महिन्याने हे चित्र पालटले. मुंबईत एरवी ११ जूनच्या सुमारास येणारा मोसमी पाऊस त्या वर्षी २६ मे रोजीच दाखल झाला. आमच्या वसाहतीत आजी-आजोबा मुलांना जुने खेळ शिकवतात, ते शिबिर तेव्हा ऐन रंगात होते. ओढ्याचे पाणी मैदानात शिरले आणि शिबिर बंद करण्याची भाषा सुरू झाली.

वाचकहो, असा प्रसंग आल्यास घाईने शिबिर मोडू नका. हट्टाने पूर्ववत चालवूही नका. विटीदांडू शिकवणारे आमचे एक आजोबा मधुमेहाचे जुने रुग्ण. पत्नीच्या निधनानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले होते. शिबिरासाठी मात्र रोज सकाळी दाढी करून तयार बसत. “घोटाभर तर पाणी आहे, मी जातो,” असे ते म्हणाले आणि त्यांची लेक दारात आडवी उभी राहिली. दोघांचेही खरे होते.

मधुमेहात पावलांची संवेदना कमी होते. काच रुतली तरी कळत नाही. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते आणि लहानशा जखमेतूनही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. म्हणून आजोबांनी पाण्यात उतरायचे नाही, पण शिबिरात यायचे, असे ठरले. शिबिर उंचावरील मंदिराच्या सभामंडपात नेले. तेथे खुर्चीवर बसून त्यांनी विटी कशी तासतात ते सांगितले, वकट, लेंड, मूंड ही मोजणी पाठ करून घेतली. मुलांनी विट्यांना पॉलिश कागद घासला. खेळ थांबला, शिकवणे थांबले नाही.

बाकीचे कार्यक्रमही असेच बदलता येतात. धावण्याऐवजी सागरगोटे, बुद्धिबळ, भेंड्या. सरळ बाजूंची बरणी उघड्यावर ठेवून रोजचा पाऊस पट्टीने मोजावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे गणित मुलांना फार आवडते. आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, पिंपे रिकामी करण्याची मोहीम काढावी. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो.

काळजीवाहकांनी चार गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. फरशी कोरडी असावी आणि ज्येष्ठांच्या पायांत न घसरणारी पादत्राणे असावीत. पिण्याचे पाणी खळखळून उकळलेले असावे. ओल्या भिंतीवरील विजेच्या बटणांना कोणी हात लावू नये. पुराच्या पाण्याशी संबंध आल्यावर पुढील काही आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होणे आढळल्यास डॉक्टरांना त्या पाण्याचा उल्लेख आवर्जून करावा; प्रतिबंधक औषध मनाने घेऊ नये. चिखल काढून जमीन उन्हात पूर्ण वाळेपर्यंत मैदान बंदच ठेवावे.

वृद्धाला धोक्यापासून दूर ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. मात्र त्या काळजीपोटी त्याच्या हातचे कामही आपण काढून घेतले, तर त्याचे घरात बसणे हा नवा आजार होतो. जागा बदला, खेळ बदला. त्याच्याकडे शिकायला येणारी मुले मात्र त्याच्यापासून तोडू नका.