तर पलीकडून येईपर्यंत (भाग 2)

दिवस तिसरा : हरिहरेश्वर ते दापोलीचं मुरूड

पहाटे साडेचारला कुणाच्या तरी मोबाईलमध्ये कोंबडा आरवला. कुणाच्या, ते अंधारात कळलं नाही. कबूलही कुणी झालं नाही. अकरा माणसं आणि संडास दोन, हे या सायकल-सहलीचं गणित अलिबागपासून रोजचंच आहे. आमच्या म्होरक्या ताईंनी सुटायची वेळ सहाची सांगितली होती. सव्वासहापर्यंत कळ काढली आणि मी एकटाच निघालो. पंचवीस वर्षं पुण्यात एकट्याने सायकल चालवलेला माणूस, थांबायची सवय कुठली असायला?

बागमांडला जवळच. सावित्रीच्या मुखाशी फेरीबोट, म्हणजे तर, लागलेलीच होती. खिशात हात घातला तेव्हा आठवलं : कॉन्ट्रीचे पैसे ताईंकडे आणि माझं पाकीट सामानाच्या टेम्पोत. फोनला रेंज नाही. तर माझ्यादेखत सुटली. पाऊण तासाने मंडळी आली, वाटेत चहा-भजी हाणून. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

वेश्वीला उतरून केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै. मुरूड हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आमच्यातल्या मास्तरांनी जेवताना ही गोष्ट सांगितली, ती नेमकी मी पाय दुखतात म्हटल्यावर.

दिवस चौथा : मुरूड ते गुहागर

स्वीप म्हणजे शेवटचा गडी. पंप आणि पंक्चरचं सामान वागवायचं, कुणालाही मागे टाकायचं नाही. ताईंनी आज ते काम मला दिलं. शिक्षा नाही म्हणाल्या. शिक्षाच होती.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो, हा देशावरच्या लोकांचा गैरसमज. सह्याद्रीचे फाटे थेट समुद्रापर्यंत येतात. फाट्यावर चढायचं, खाडीपर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा तेच. लाडघरच्या पुढच्या चढावर मास्तर उतरून सायकल ढकलू लागले. वय चौसष्ट. मी सर्वांत हलका गिअर टाकून त्यांच्याशेजारी डुगडुगत राहिलो. इतकं हळू चालवणं हे फार अवघड काम आहे. हँडल थरथरतं, मान आखडते. शेवटी मीही उतरलो.

"तुमची चेन फार कुरकुरते हो," मास्तर म्हणाले. "तेल घाला जरा."

घातलं.

दाभोळच्या जेट्टीवर पुढचे सगळे वशिष्ठीकडे तोंड करून बसलेले. आमच्यातला डॉक्टर तासभर आधी पोचला होता. गेला आमच्याच बोटीतून धोपाव्याला.

दिवस पाचवा : गुहागर ते गणपतीपुळे

भांडण झालं. कारण घावनं. तवा एक, खाणारे अकरा, आणि घावन काही घाईने सुटत नाही. डॉक्टरला ऊन चढायच्या आत हेदवी गाठायची होती, आणि दुसरं घावन कुणाच्या ताटात पडलं यावरून त्याची आणि टेम्पोवाल्या काकांची चांगलीच जुंपली. ताईंनी दोघांकडेही न बघता आणखी नारळाची चटणी मागवली. डॉक्टर अर्धपोटी निघून गेला.

आजही मागे मीच. हेदवीनंतर माझंच मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, पण पंप मोटारीच्या व्हॉल्व्हचा आणि माझा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा. मध्ये लावायची पितळी टोपी डॉक्टरच्या सॅडलबॅगेत. पहिल्या दिवशी मीच दिली होती त्याला, कोण वागवणार म्हणून. मास्तर आणि मी आंब्याखाली बसलो. रस्त्याने एसटी गेली, बैलगाडी गेली, शाळेची पोरं दोनदा चौकशी करून गेली.

तासाभराने डॉक्टर आला, तवसाळचा उतार उलटा चढून. आम्ही जेट्टीवर दिसलो नाही म्हणून. काही न बोलता टोपी काढली आणि पंप मारायला बसला.

"तर चुकली असेल तुझी," मी म्हटलं.

"दोन."

जयगडला उतरेपर्यंत मास्तरांनी त्याला डब्यातलं घावन खायला लावलं. ताईंनी सकाळीच बांधून दिलं होतं म्हणे.

गणपतीपुळ्याला खोल्या वाटल्या. माझ्या वाट्याला डॉक्टर. तो घोरतो. कोंबडाही त्याचाच आहे.