कड्यांचा खेळ

जादू हा शब्द आपल्या घरांतून थोडा जपूनच उच्चारला जातो. करणी, उतारा, मंत्रतंत्र यांच्या सावलीत तो वाढलेला. त्यामुळे एखादा प्रापंचिक गृहस्थ निवृत्तीनंतर जादू शिकतो आहे असे कळले, की धर्मग्रामातील चार माणसे कुजबुजणारच. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे फिटर म्हणून काम केल्यावर मी कड्यांचा खेळ शिकू लागलो, तेव्हा ‘या वयात हे काय खूळ?’ असे मला अनेकांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

खेळ तसा सर्वांच्या परिचयाचा आहे. पोलादाच्या अखंड कड्या एकमेकींत गुंततात, त्यांची साखळी होते आणि पाहता पाहता त्या पुन्हा सुट्या होतात. जगभर हा खेळ ‘चिनी कड्या’ या नावाने ओळखला जातो. रंगमंचावरील पारंपरिक संच आठ मोठ्या कड्यांचा असतो. कॅनडात जन्मलेले डाय व्हर्नन (१८९४–१९९२) यांनी तो सहा कड्यांवर आणला, तर रिचर्ड रॉस या डच जादूगाराने अवघ्या तीन कड्यांच्या प्रयोगाने १९७० आणि १९७३ साली जागतिक स्पर्धेचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. महाराष्ट्रात जादू म्हटले की पुण्याचे जादूगार रघुवीर आठवतात आणि त्यांच्याबरोबर भव्य रंगमंच, दिवे आणि संगीतही आठवते. मी शिकलो तो प्रकार मात्र घरगुती आहे. चार इंच व्यासाच्या चार कड्या, समोर हातभर अंतरावर बसलेली पाच-सात माणसे, बस्स.

या हातभर अंतरातच सारी परीक्षा असते. रंगमंचावर प्रकाश सांभाळून घेतो, अंतर सांभाळून घेते. येथे प्रेक्षकाचा श्वास आपल्या मनगटाला लागतो. तो कडी मागतो, दाताने चावूनही पाहतो. माझी बोटे पान्याला आणि कानशीला सरावलेली. जोर लावणे हाच त्यांचा धर्म. हा खेळ नेमका जोर काढून घ्यायला सांगतो. कडीवर कडी आपटली तर पाहणाऱ्याला झटापट दिसते. ती अलगद टेकवून, हळुवार घासून, क्षणभर थांबून सोडली, तर पोलाद विरघळल्याचा भास होतो. झाकणारे बोट आखडले की डोळा तिकडेच जातो. म्हणून ज्या हातात मर्म आहे, तोच हात सर्वांत निवांत ठेवावा लागतो. आणि जेथे प्रेक्षकाने पाहावे असे वाटते, तेथे आधी आपण पाहावे लागते. पहिले चार महिने मी पलंगावर उशी ठेवून सराव करीत असे. तरीही रात्री एखादी कडी फरशीवर घरंगळायचीच, आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “अहो, कोणतं भांडं पाडलंत?”

या खेळाचे गुपित काही फार मोठे नाही. प्रोफेसर हॉफमन या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाने ते १८७६ साली ‘मॉडर्न मॅजिक’ या ग्रंथात छापूनही टाकले. त्याला दीडशे वर्षे होत आली, पण खेळ मेला नाही. गुपित वाचायला पाच मिनिटे पुरतात, हात तयार व्हायला मात्र मला दोन वर्षे लागली. सौंदर्य त्या दोन वर्षांत आहे, त्या पाच मिनिटांत नाही.

ज्यांना जादू आणि श्रद्धा यांचे वावडे वाटते, त्यांना मी संत जॉन बॉस्को यांची आठवण देतो. १८१५ साली इटलीतील पिडमाँट प्रांतात एका गरीब शेतकरी घरात जन्मलेला हा मुलगा जत्रांमधून डोंबाऱ्यांचे आणि जादूगारांचे खेळ निरखून पाही, घरी येऊन सराव करी, आणि गावकऱ्यांना खेळ दाखवताना मध्येच जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावी. पुढे किएरी येथे शिकत असताना त्याच्यावर काळ्या विद्येचा संशय घेतला गेला. चौकशीसाठी त्याला एका वरिष्ठ धर्मगुरूंपुढे उभे केले, तेव्हा त्यांचे घड्याळ आणि पैशांची पिशवी जागेवरून नाहीशी झाली. धर्मगुरू संतापले. जॉनने शांतपणे सांगितले, की आपण या वस्तू विसरून ठेवल्यात आणि मी त्या लपवल्या. ते ऐकून धर्मगुरू खळखळून हसले. आज अनेक जादूगार त्यांना आपले आश्रयसंत मानतात. मला त्या प्रसंगातील हातचलाखीपेक्षा त्यानंतरचा खुलासा अधिक मोलाचा वाटतो.

त्या खुलाशाची किंमत मला दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कळली. मुलांच्या शिबिरात खेळ संपवून मी कड्या पिशवीत घालत होतो. वैजापूरकडील एका खेड्यातून लेकीकडे आलेली एक वृद्ध बाई नातवाला कडेवर घेऊन पुढे आली. मूल मलूल होते, डोळे खोल गेलेले.

“भाऊ, नऊ दिवस झाले, लेकराचा ताप उतरंना. तुमची ती कडी एकदा त्याच्यावरून उतरून टाका. लोखंडातून लोखंड जातंय तुमच्या हातून, मग ताप काय चीज हाय?”

त्या माउलीच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. तिचा पुरता विश्वास माझ्या चार कड्यांवर बसला होता. गुपित फोडू नये, हा जादूगारांचा जुना दंडक आहे आणि मी तो मनापासून मानतो. पण त्या क्षणी गप्प राहणे म्हणजे तिच्या अज्ञानावर सही करणे होते. मी तिला बाकावर बसवले, चारही कड्या तिच्या ओंजळीत दिल्या आणि सारा खेळ संथपणे उलगडून दाखवला. तिने स्वतः एकदा कडी गुंतवली, सोडवली. सुरकुतलेल्या चेहऱ्यावर आधी ओशाळे हसू आले, मग ती एकदम गंभीर झाली.

“म्हंजी तुमच्याकडं काईच नाही?”

“काहीच नाही, मावशी. चला, घाटीत जाऊ.”

रिक्षाने आम्ही घाटीच्या शासकीय रुग्णालयात गेलो. रक्ताची तपासणी झाली, विषमज्वर निघाला. आठवडाभर औषधोपचार घेऊन मूल घरी आले.

चलाख हात आणि भोंदू हात यांची बोटे एकच कसब जाणतात. हवेतून अंगारा काढणाऱ्या बाबाजवळ माझ्याहून निराळी विद्या नसते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव असेच ‘चमत्कार’ करून दाखवतात आणि त्यामागची युक्तीही सांगतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणे व लुबाडणे हा आता गुन्हा आहे. पण कायदा पोहोचण्याआधी खेळ करणाऱ्याचा स्वतःचा शब्द पोहोचायला हवा.

म्हणून आता पहिली कडी उचलण्यापूर्वीच मी सांगतो, की हा हाताचा खेळ आहे, यात दैवी काही नाही. असे सांगितल्याने रंग फिका पडेल, अशी मला भीती होती. तसे झाले नाही. फसवले जाण्याची धास्ती गेली की माणसे अधिक मोकळेपणाने चकित होतात. मुले तर पुढे सरकून बसतात. ‘या वयात हे काय खूळ?’ असे कुणी विचारले, तर एवढेच सांगतो, की तीस वर्षे मी पोलाद घट्ट बसवायला शिकलो, आता ते अलगद सोडायला शिकतो आहे.