मावेल तेवढा

केक बिघडला तरी वाया जात नाही, त्याचं फक्त खातं बदलतं. फुगला तर केक, बसला तर वडी, वाळला तर टोस्ट आणि करपला तर 'चॉकलेटचा'. आम्ही बँकवाले यालाच जर्नल एंट्री म्हणतो.

आमच्याकडे केक आला तो ओव्हनच्या फार आधी. कुकरची रिंग आणि शिटी काढायची, तळाला वाळू पसरायची, ती तापली की वर केकचा डबा. शेजारचं बांधकाम पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे दर रविवारी केक झाला. साखरेचा तर प्रश्नच नव्हता. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा 1950-51 साली पहिला हंगाम झाला तेव्हापासून नगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर म्हणायचं) गोड कमी पडलं, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

एकदा वहिनींची बेकिंग पावडर संपली. त्यांनी तेवढाच खायचा सोडा घातला. आता पावडरमध्ये सोड्याच्या जोडीला आम्ल असतं. नुसत्या सोड्याला दही किंवा लिंबू लागतं आणि तो पावडरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यानं पुरतो. केक काळपट झाला आणि चवीला साबणासारखा लागला. दादा दोन घास खाऊन म्हणाले, "छान. आता तोंड धुवायला नको."

म्हणून पुस्तकं असतात. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' 1910 सालचं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 सालची. कमलाबाईंनी वाटी-चमच्याचं माप दिलं आणि घरोघरच्या नव्या सुना तरल्या. पण वाटी कोणती? आमच्या मांडणीवर तीन आहेत. एक रुखवतातली, एक कुणाच्या तरी मुंजीतली आणि एक शेजारून शिरा घेऊन आलेली, ती इथलीच झाली. तिन्हींत मिळून एकमत नाही.

आई या वादात कधीच पडली नाही. तिची नानकटाई वहीत साडेतीन ओळींत आहे : तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, चिमूटभर सोडा, वेलदोडा, मैदा मावेल तेवढा. कॉमर्सच्या पदवीधरानं हे वाचलं की त्याला घाम फुटतो. 'मावेल तेवढा' हे सरळसरळ सस्पेन्स अकाउंट!

दिवाळीच्या आधी ती परातीत तूप घेऊन तळव्यानं फेसायची, पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. त्यात हवा कोंडली गेली की नानकटाई खुसखुशीत होते, हे शास्त्र मला नंतर कळलं. आईचं आपलं, "हात दुखला की तूप झालं." मग मी आणि दादा डबा घेऊन भट्टीवर. तिथे पत्र्यांवर आडनावाच्या चिठ्ठ्या, ओळीनं बसलेली पोरं आणि डोळ्यांत धूर. एका वर्षी गर्दीत पत्रे बदलले. घरी आलेली नानकटाई दिसायला आमच्यापेक्षा देखणी होती. आईनं एक तुकडा तोंडात टाकला आणि डबा मिटला. "ही आपली नाही रे. हिच्यात हातच नाही."

आई गेली त्याच्या पुढच्या दिवाळीत सौ.नं वही काढली. पहिला घाणा ओव्हनमध्ये पापडासारखा पसरला. दुसऱ्याला मैदा जास्त झाला, तो अडकित्त्यानं फोडायच्या लायकीचा. नववीतली कन्या इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आली. "आई, ग्रॅममध्ये लिहून ठेवू, म्हणजे कायमचं होईल." काट्यानं ग्रॅम चोख दिले, पण त्या दुपारी तूप पातळ होतं, मैदा नव्या पुड्यातला होता आणि गोळा हाताला चिकटतच राहिला.

तेव्हा सौ.नं काटा बाजूला सारला. बोटांनी चाचपत मूठमूठ मैदा घालत गेली. चिकटणं थांबलं, गोळी वळताना चीर पडेना, तिथे ती थांबली. म्हणजे 'मावेल तेवढा' हा आळस नव्हताच. कुठं थांबायचं ते तुपाला आणि मैद्याला विचारा, एवढंच आईनं लिहून ठेवलं होतं. वजन रोज बदलतं, खूण बदलत नाही.

संध्याकाळी दादा-वहिनी आले. दादांनी एक नानकटाई खाल्ली. काही बोलले नाहीत. दुसरी उचलली आणि ती हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. वहिनींनी नुसतीच मान हलवली.

कन्या पेन उघडून तयारच होती. "मैदा किती लिहू?"

"मावला म्हणून लिही," सौ. म्हणाली.