पाहिल्यानंतर

मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात न्यायनिवाड्याचा जो प्रसंग येतो, त्यातील एक गोष्ट आम्हांला नेहमी अस्वस्थ करते. दोषी ठरलेली माणसे आपल्या कठोरपणाचे समर्थन करीत नाहीत. प्रभो, तुला भुकेलेला आम्ही पाहिले तरी कधी, असे ती विचारतात. न पाहणे हाच त्यांचा बचाव, आणि तोही मान्य होत नाही. मग ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्यापाशी काय उरते?

महाराष्ट्रातील आम्हा ख्रिस्ती माणसांना हा प्रश्न जव्हार-मोखाडा विचारीत आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली आणि ते नाव राज्यभर पोहोचले. २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. मधल्या काळात, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर जिल्हा झाला. वसईची जुनी चर्चे आणि जव्हारचे पाडे एकाच जिल्ह्यात आहेत. आम्हांला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

तिथली भूक अवचित येत नाही. डोंगरउतारावरचे भात, नाचणी, वरई वर्षभर पुरत नाही. दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. मुले सोबत जातात आणि गावच्या अंगणवाडीपासून तुटतात. पावसाच्या तोंडावर सारे परततात. तेव्हा शेतात काम सर्वांत जास्त आणि कणगीत धान्य सर्वांत कमी असते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जखमी माणसाला याजकाने पाहिले होते, लेव्यानेही पाहिले होते. शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधल्या, येथवर प्रवचने आवर्जून सांगतात. पुढचा भाग मात्र घाईने उरकला जातो. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येईन तेव्हा फेडीन, असे सांगितले. त्याने जखमीला धर्म विचारला नाही, आपला धर्म त्याच्या गळी उतरवलाही नाही. आदिवासी भागात ख्रिस्ती माणसाच्या मदतीकडे संशयाने पाहिले जाते, म्हणून हे विशेष लक्षात ठेवावे.

हे काम शासनाचे आहे, असे काही जण म्हणतात. आहेच. पण शोमरोन्यानेही स्वतःची उतारशाळा बांधली नाही. असलेल्या उतारशाळेत जखमीला पोहोचवले आणि हिशेब आपल्याकडे ठेवला. अंगणवाड्या आहेत, आरोग्य केंद्रे आहेत, गर्भवती व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आहे. ताटात अन्न पडते का, उपचारानंतर घरी गेलेल्या मुलाचे वजन पुढच्या महिन्यातही वाढले का, हे विचारीत राहणे ही आमच्या मते उपासनाच आहे. आपल्या गावाजवळच्या भट्टीवरील मुलांना तिथल्या अंगणवाडीत नेणे, हीसुद्धा.

आमची दानशूरता बहुधा नाताळात जागी होते. त्या वेळी जव्हार-मोखाड्यातील कित्येक घरांना कुलपे असतात; माणसे आमच्याच परिसरात विटा थापीत असतात. ब्लँकेटांचे गठ्ठे घेऊन एकदा तिकडे जाण्यापेक्षा, ती कुटुंबे परतल्यावर आषाढ-श्रावणात जावे, आणि पुढच्या वर्षीही त्याच दारी जावे.