लहान मोटारगाडी : सोय आणि मोल

पावसाळ्यात वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. एकाच दुचाकीवर चार जणांचे कुटुंब बसलेले असते. पुढे टाकीवर थोरले मूल, त्याच्यामागे वडील, त्यांच्या पाठीशी एका अंगाने बसलेली आई आणि तिच्या पदराखाली तान्हे बाळ. कोणी कारंज्याला नृसिंह सरस्वती स्वामींच्या दर्शनाला निघालेले असते, कोणी पोहरादेवीला, तर कोणी तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन वाशीमच्या दवाखान्याकडे. इतक्यात आभाळ दाटून येते, टपोरे थेंब पडू लागतात आणि ते कुटुंब एखाद्या बाभळीच्या आडोशाला उभे राहते. लहान मोटारगाडीची ओढ समजून घ्यावयाची असेल, तर आधी या बाभळीखालच्या माणसांकडे पाहिले पाहिजे. त्यांना मोटार मिरवावयाची नसते. त्यांना मुलांच्या डोक्यावर छप्पर हवे असते.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला हा विचार नवा नाही. कापूस आणि ज्वारी वाहून नेण्यासाठी त्याच्या घरी बंडी असे. परंतु लेकीबाळींना सासरी-माहेरी पोहोचविण्यासाठी हलकी दमणी जुंपली जाई. दमणीला फारसे ओझे पेलत नसे. माणसांना सुखाने नेणे एवढेच तिचे काम, आणि ते ती चोख बजावी. लहान मोटारगाडी ही एका अर्थी या दमणीचीच नात होय.

सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार घडविण्याचे स्वप्न आपल्याकडे पुष्कळ जुने आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिकमतीने ‘मीरा’ नावाची छोटी मोटार तयार केली होती. तिचा कारखाना मात्र उभा राहू शकला नाही. त्या काळी रस्त्यांवर दिसत त्या प्रामुख्याने अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट. त्यांसाठी नाव नोंदवून लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी ‘मारुती ८००’ ही गाडी पहिल्या ग्राहकाच्या हाती आली. तिचे इंजिन अवघे ७९६ घनसेंटिमीटरचे होते. तरी शिक्षक, डॉक्टर, छोटे व्यापारी अशा कितीतरी घरांतील पहिली मोटार तीच ठरली. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले.

या स्वप्नाचे सर्वांत धाडसी रूप मात्र १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात दिसले. रतन टाटा यांनी त्या दिवशी ‘नॅनो’ जगापुढे आणली. स्कूटरवरून पावसात जाणारे कुटुंब पाहून आपणांस ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले होते. तिच्या रचनेचे बरेचसे काम पुण्याला झाले, आणि किंमत ठरली एक लाख रुपये, त्यावर कर व वाहतूकखर्च निराळा. एक लाखात मोटार! जगभरच्या कारखानदारांना हे नवल वाटले.

हे साधले कसे? उत्तर सोपे होते. आचरणात आणणे मात्र कठीण. वाहनातील एकेक वस्तू हाती घ्यावयाची आणि विचारावयाचे, ‘हिच्यावाचून अडते काय?’ नॅनोचे इंजिन दोन सिलिंडरांचे, ६२४ घनसेंटिमीटरचे होते आणि ते पुढे न बसविता मागे बसविले होते. काचेवरचे पाणी पुसणाऱ्या दोन दांड्यांऐवजी एकच दांडी होती. चाक घट्ट बसविण्यासाठी चारांऐवजी तीनच नट होते. मागील बाजूस उघडणारे दार नव्हते. सामान ठेवावयाचे तर मागची आसने पाडावी लागत. साध्या प्रकारच्या गाडीत थंड हवेची सोय नव्हती. अशा काटकसरीने सुमारे ३.१ मीटर लांबीची आणि ६०० किलोग्रॅमच्या आसपास वजनाची गाडी तयार झाली. तरीही आत चार मोठी माणसे बसू शकत.

लहानपणाचे लाभ उघडच आहेत. हलक्या गाडीला पेट्रोल कमी लागते. तिला घडविण्यास लोखंडही कमी लागते. कारंज्याच्या किंवा वाशीमच्या जुन्या वस्तीतील अरुंद बोळात ती सहज शिरते आणि घरासमोरच्या वीतभर अंगणात मावते. मध्यरात्री घरात कोणी अत्यवस्थ झाले, तर शेजाऱ्याच्या दाराशी विनवण्या करण्याची वेळ येत नाही. म्हाताऱ्या आजीला अंगावर पाऊस न घेता शिरपूरच्या जैन मंदिरापर्यंत जाता येते. श्रीमंताला ही सोय क्षुल्लक वाटेल. ज्याच्यापाशी ती कधीच नव्हती, त्याला ती फार मोठी असते.

समृद्धी महामार्गाने तर या सोयीला आणखी एक अर्थ दिला आहे. नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा हा ७०१ किलोमीटरचा मार्ग वाशीम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. या मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. म्हणजे ज्यांच्या शिवारातून हा भव्य रस्ता गेला, त्यांच्यापैकी केवळ फटफटी बाळगणाऱ्या माणसाला तो पुलावरून नुसता पाहावा लागतो. चार चाकांची लहानशी गाडी त्याच्यासाठी त्या रस्त्याचे दार उघडते.

परंतु याच दाराशी लहान गाडीचा मोठा दोषही उभा आहे. समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. वेग दुप्पट झाला, की धडकेतील ऊर्जा दुप्पट नव्हे, तर चौपट होते, हा विज्ञानाचा नियम आहे. त्यातच रस्त्यावर सोबतीला मालमोटारी असतात. दोन आसांच्या मालमोटारीला मालासह १८.५ टनांपर्यंत वजन नेण्याची परवानगी आहे; म्हणजे नॅनोसारख्या गाडीच्या सुमारे तीसपट. अशा दोघांची गाठ पडली, तर हार कोणाची होणार हे सांगावयास नको.

ही केवळ भीती नव्हती. २०१४ सालच्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या धडकेच्या चाचण्या जाहीर केल्या. त्यांत नॅनोही होती. एअरबॅग, म्हणजे आघात होताच फुगून डोके व छाती सावरणारी हवेची पिशवी, नसलेले हे स्वस्तातले प्रकार होते. ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या त्या धडकेत मोठ्या माणसांच्या रक्षणासाठी पाचांपैकी एकीलाही एकसुद्धा तारा मिळाला नाही. एकच दांडी असली, तर काच थोडी उशिरा पुसली जाते, इतकेच. परंतु गाडीचा सांगाडाच कच्चा राहिला, तर जे छप्पर डोक्यावर हवे म्हणून मोटार घेतली, तेच छप्पर घातक ठरते.

या अनुभवातून देश काही शिकला. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आधीच्या नमुन्यांनाही धडकेची ठरावीक चाचणी उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची तारे देणारी व्यवस्था सुरू झाली. या सुधारणांनी लहान गाड्यांच्या किमती काहीशा वाढल्या, हे खरे. परंतु ती वाढ व्यर्थ गेली असे म्हणता येणार नाही.

नॅनोच्या कथेत आणखी एक बोध आहे. बंगालमधील सिंगूर येथे जमिनीवरून वाद पेटला आणि तेथील कारखाना गुजरातेत साणंदला न्यावा लागला. काही गाड्यांना आग लागल्याने लोकांचा विश्वासही डळमळला. परंतु ‘सर्वांत स्वस्त मोटार’ ही जी कीर्ती तिला चिकटली, तीच तिला सर्वाधिक भोवली. गरिबाला गरिबीची पाटी दारात उभी करावयाची नसते. ‘स्वस्त’ म्हणण्याऐवजी ‘परवडणारी’ म्हणावयास हवे होते, असे पुढे रतन टाटा यांनीही सांगितले. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. माणूस वाहनात सोय शोधतो, तसा मानही शोधतो, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत सहसा मांडली जात नाही.

शिवाय गाडीची किंमत एकदाच द्यावयाची असते. तिचा खर्च मात्र थांबत नाही. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता हे सारे ठरल्या दिवशी दारात उभे राहतात. वाशीमच्या शेतकऱ्याचा पैसा मात्र सोयाबीन आणि तुरीच्या भावावर अवलंबून असतो, आणि तो भाव त्याच्या हाती नसतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण मोटारीच्या बाबतीतही खरी आहे. त्यातच काळ्या जमिनीतील पाणंद रस्ते पावसाळ्यात इतके चिखलाचे होतात, की लहान चाकांची, बुटकी गाडी तेथे रुतून बसते. तिला ओढून काढण्यास अखेर बैलजोडी किंवा ट्रॅक्टरच लागतो.

आणि ज्यांना लहान मोटारही कधी परवडणार नाही, त्यांचे काय? चार माणसांना नेणाऱ्या दहा-बारा मोटारी जेवढा रस्ता व्यापतात, त्याहून कितीतरी कमी जागेत एसटीची एक गाडी तेवढीच माणसे नेते. प्रत्येक दाराशी मोटार आली आणि गावची एसटी मात्र बंद पडली, तर शाळेला जाणाऱ्या मुलीची आणि बाजाराला जाणाऱ्या मोलकरणीची वाट अडेल. म्हणून लहान मोटार ही एसटीची सोबतीण असावी, वैरीण नसावी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शासनाने चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. त्यामुळे ही वाहने पुन्हा थोडी आवाक्यात आली आहेत. अशा वेळी घेणाऱ्याने किमतीच्या आकड्याबरोबर गाडीला मिळालेले तारेही पाहावेत आणि आत बसताच प्रत्येकाने सुरक्षा पट्टा बांधावा. चौघांच्या गाडीत सात जण कोंबले, तर उत्तमांतील उत्तम रचनाही निरुपयोगी ठरते.

आज शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलांपैकी कोणी उद्या अभियंता होईल आणि त्याच्यापुढे कमी खर्चात गाडी घडविण्याचे काम येईल. तेव्हा त्याने डौल वगळावा, चकाकी वगळावी, गरज पडल्यास वेगही थोडा वगळावा. परंतु गाडीचा आराखडा काढताना, पावसात बाभळीखाली उभ्या असलेल्या त्या चौघांचे प्राण आपल्या हाती आहेत, याचा विसर त्याने पडू देऊ नये.